'चौथा मजला'चा शेवटचा दौरा

३ सप्टेंबर

ताई,

फोनवर मी नुसता 'मस्त चाललंय' म्हणतो असा तुझा आरोप आहे, म्हणून हे पत्र. कागदावर खोटं बोलायला मला जास्त वेळ लागतो, आणि व्हॅनमध्ये वेळेला काही तोटा नाही.

पस्तीस दिवसांत बावीस गावं. आजचं पाचवं. कालचा हॉल म्हणजे बोलिंगच्या खेळघराचं तळघर होतं. वर कुणी चेंडू सोडला की तो आमच्या डोक्यावरून गडगडत जायचा, आणि नव्याच्या ठेक्यात एकदाही यायचा नाही. नवा सहा वर्षं आपल्याकडे ड्रम वाजवतोय, तरी अजून 'नवा'च. तुझ्या जागेवर बसलेला माणूस जुना होणार तरी कसा? पन्नास-साठ लोक होते. 'जिना' सुरू झाल्यावर पुढच्या रांगेने पहिलं कडवं माझ्याआधी म्हणून टाकलं. बरं वाटलं. मग सामान गुंडाळलं, जिन्यावरून वर चढवलं, व्हॅनमध्ये भरलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी अॅम्प उचलताना माणूस जे काही पुटपुटतो, ते गाण्यात घालता आलं असतं तर पाचवा अल्बम कधीच झाला असता.

लंबू बरा आहे. तुझी चौकशी करत नाही. म्हणजे करायची असते तेव्हा खिडकीबाहेर बघतो. हल्ली गिटारचे बरेच तुकडे मीच वाजवतो. दोन गिटारी असल्या की आवाज भरतो. दोन गाण्यांतले त्याचे एकट्याचे तुकडे त्याने स्वतःच काढून टाकले. म्हणतो, वय झालं की कमी बोलावं.

अठ्ठावीसचा शेवटचा कार्यक्रम तुझ्यापासून बसने तीन तासांवर आहे. दुपारी चार वाजता, पोहण्याच्या तलावात. पाणी काढून टाकलंय, घाबरू नकोस. ये ना. नऊ वर्षांत एकदाही आली नाहीस. हॉलचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत, पत्र तिथे टाक.

तुझा,
भोंगा


८ सप्टेंबर

भोंग्या,

पत्र आईला वाचून दाखवलं. बोलिंगचा भाग दोनदा. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "आणि लंबू? जेवतो का नीट?" तो जावई राहिला नाही याला नऊ वर्षं झाली, पण तो कागद आईपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

माझं तेच चाललंय. तीन हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. लाँड्रीत आता मला इस्त्रीच्या रुळावरून काढून धुलाईवर देखरेखीला बसवलंय, कारण उजवा खांदा वर जात नाही. सहा नंबरचं मशीन रिकामं फिरलं की सात मात्रांत ठोकतं. आधी डोकं उठायचं, आता मी टेबलावर बोटं चालवते. एवढीच माझी संगीतसेवा.

आता मुद्द्याचं बोलते. इस्त्रीवर एक बाई आहे, तिच्या भाचीने तुमचा तिसऱ्या गावातला कार्यक्रम पाहिला. ती सांगत होती, गाणारा अजून चांगला आहे, पण तो उंच गिटारवाला दोनदा चुकला, मग गाणं अर्ध्यात सोडून प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. शेवटपर्यंत वळलाच नाही.

म्हणजे पुन्हा सुरू झालं. आणि तू मला 'वय झालं की कमी बोलावं' लिहितोस! तुझ्या असल्या बोलण्यात मी गुंतेन असं वाटलं का तुला?

मैदानातला तो दिवस तू विसरला असशील, मी नाही. समोर बारा हजार माणसं, त्या मोठ्या बँडच्या आधी आपली चाळीस मिनिटं. दहा वर्षं ज्यासाठी घासलं ती चाळीस मिनिटं. तिसऱ्या गाण्यात तो गिटारीसकट स्टेजवरून खाली गेला आणि मी आणखी चार आवर्तनं वाजवत राहिले. मला वाटलं, नाचतोय. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने यादीतून आपलं नाव काढून टाकलं. पण मी सोडून गेले ते त्यासाठी नव्हे. तो पडला ते सगळ्या जगाने पाहिलं. त्याच्या आधी तीन वर्षं मी त्याला रोज सकाळी न्हाणीघराच्या फरशीवरून उचलत होते, ते कुणी पाहिलं नाही. तूसुद्धा पाहिलं नाहीस, कारण तुला बघायचं नव्हतं.

मी येणार नाही. घशाला जप.

ताई


१३ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र पेट्रोलपंपावर उभ्याउभ्या वाचलं. न्हाणीघराचं मला ठाऊक होतं. तू म्हणतेस ते खरं आहे, मला बघायचं नव्हतं. आणखी काय लिहू?

पण तो पीत नाही. सात वर्षं आणि चार महिने झाले. मी नाही मोजत, तो मोजतो.

मग चुकतो का, असं विचारशील. ते मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय.

काल एका कारखान्याच्या उपाहारगृहात वाजवलं. समोर घडीच्या खुर्च्या, त्यांतल्या निम्म्या घडी घातलेल्याच. माझ्या पायाशी ठेवलेला स्पीकर बंद पडला, म्हणून मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. अंदाजाने गायलो आणि ओरडत सुटलो. आज सकाळपासून घसा असा आहे की नव्याशी खुणांनी बोलतोय. कार्यक्रमानंतर एक बाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्या पहिल्या अल्बममुळे आमचं लग्न टिकलं." मी म्हटलं, "बरं झालं. आमच्यातल्या एकाचंही टिकलं नाही." त्या हसल्या. लंबू शेजारी केबल गुंडाळत होता, तो नाही हसला.

खरं सांगू? मी दमलोय. गाण्याने नाही, गाण्याच्या आजूबाजूच्या सगळ्याने. रोज एक अनोळखी दार मागच्या बाजूने शोधायचं, रोज एका अनोळखी माणसाला 'प्लग कुठे आहे' विचारायचं. एकोणीस वर्षं मी तोच प्रश्न विचारतोय.

जमलं तर ये. नाही जमलं तरी त्याच्याबद्दल असं मनात धरू नकोस.

भोंगा


१७ सप्टेंबर

भोंग्या,

शब्द दिलाय म्हणे! पिणाऱ्याला पाठीशी घालणाऱ्या माणसाने नेहमी असाच शब्द दिलेला असतो. मीही दिला होता. तेव्हा मला तोंड उघडू नकोस म्हणून विनवणारा तोच होता, आणि आज तुलाही तोच विनवतोय. एवढ्या वर्षांत तो नवीन काही शिकलेला दिसत नाही.

त्याने प्यावं, पडावं, पाठ फिरवावी. माझ्याकडून आता उचलणं होणार नाही. खांदा गेलाय, हे आता डॉक्टरांनीही सांगितलंय.

आईचा दुखरा डोळा आता बरा आहे. तू औषधाच्या गुळण्या कर.

ताई


२१ सप्टेंबर

ठोकेबाई,

तुझं पत्र व्हॅनच्या पुढच्या सीटवर उघडं पडलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. अक्षर ओळखलं आणि वाचलं. भोंग्याचा दोष नाही, त्याने मूठ झाकूनच ठेवली होती.

तुझा आरोप वाजवी आहे, फक्त उशिराचा आहे. नऊ वर्षांपूर्वी तो अक्षरन्अक्षर खरा होता.

दोन वर्षांपूर्वी शर्टाचं वरचं बटण लागेना. मग उजवा अंगठा रिकामा असताना आपोआप हलायला लागला, जणू तारा मोजतोय. मी म्हटलं, सवय आहे, वाजवतोय बिचारा. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी सांभाळता येतो, बरा होत नाही. त्या दिवशी घरी येऊन सगळ्यात आधी 'जिना'चा मधला तुकडा वाजवून पाहिला. आला. आणखी सहा महिने येत राहिला. मग एक-एक सूर गळायला लागला. भोंगा ते सूर माझ्या मागून उचलत राहिला आणि लोकांना सांगत राहिला की आवाज भरतो.

तिसऱ्या गावात पाठ फिरवली, कारण हात खिशात कोंबायचा होता आणि तो जात नव्हता.

तुला सांगू नकोस म्हणून त्याला मीच अडवलं. तू रागाने आली नाहीस तर चालेल, पण तू दयेने आलेली मला चालणार नव्हती. आता सांगतोय, कारण दारुड्या म्हणून राहणं मला जमेना. सात वर्षांची ती एकच कमाई आहे.

कधी वाटतं, तेव्हा हात धडधाकट होता आणि मी वाटेल तसा वागत होतो. आता मी नीट वागतो तर हात वागत नाही. यात कुणी न्याय केलाय असं मला वाटत नाही. नुसता कंटाळा येतो.

मैदानातल्या दिवसाबद्दल मी कधी माफी मागितली नाही. न्हाणीघराबद्दलही नाही. मागतो.

अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जातं, तोही त्याच दुखण्याचा भाग आहे. चिडू नकोस. आईंना सांग, जेवतो. चमच्याने.

लंबू


२५ सप्टेंबर

भोंग्या,

अठ्ठावीसला येतेय. रजा टाकली आहे. शेजारीण आईजवळ थांबेल.

त्याला सांगू नकोस. हाही एक शब्द दे, तुला सवय आहे.

त्याच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी आईच्या भिंगाखाली धरून वाचल्या. आईला वाटलं मी औषधाची चिठ्ठी वाचतेय. मी तिला सांगितलं, तो जेवतो. ती म्हणाली, "मग रडतेस कशाला?"

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

तू आमच्याबरोबर चहा न घेता बसस्टॉपकडे चालायला लागलीस आणि मी केबल हातात धरून बघत राहिलो. ओरडून हाक मारली असती, पण भोंग्याचा भोंगा त्या दिवशी पूर्ण बसला होता.

लंबू आणि मी आमच्या घरी पोचलो. दोन दिवस दोघंही झोपलो. लंबू उठला, फ्लॅटच्या खिडक्या पुसल्या, पुन्हा झोपला. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललेला नाही.

मला सांग, काय दिसलं? त्याने गिटार खाली ठेवली तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही. हिंमत झाली नाही. तारांकडे बघत तोच एक सूर वाजवत राहिलो. आणि नंतर मागच्या दाराशी तुम्ही काय बोललात? सांगण्यासारखं नसेल तर नको सांगू.

भोंगा


६ ऑक्टोबर

भोंग्या,

सांगते.

तलावाची कल्पना कुणाची होती? उतरत्या फरशीवर उभं राहून माझे पाय दुखले. स्टेज खोल टोकाला, त्यामुळे सगळी माणसं आपोआप पुढे घसरत होती. शंभरेक असतील. माझ्या शेजारी एक माणूस लहान मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. मी उथळ टोकाच्या शिडीला धरून थांबले, म्हणजे निघून जायला बरं.

तुला गंमत वाटेल, पण मी आपला बँड समोरून कधी पाहिलाच नव्हता. दहा वर्षं वाजवलं ते तुमच्या पाठींकडे बघून. तुझा शर्ट कुठे भिजतो, लंबूचा डावा खांदा कुठल्या सुराआधी वर जातो, सगळं पाठ होतं. तोंडं पाहिली नव्हती. गाताना तू भुवया इतक्या वर नेतोस? आईने पाहिलं असतं तर आधी दृष्ट काढली असती आणि मग हसली असती.

पहिली चार गाणी तो वाजवत होता. थोडं वाजवत होता, पण नेमकं. मी हिशेबाने ऐकत होते आणि मला कळत होतं की कुठला सूर त्याचा आणि कुठला तू झाकलेला. नवा चांगला वाजवतो. ते त्याला माझ्या नावाने सांग. मात्र 'जिना'त घाई करतो.

'जिना'च्या मधल्या तुकड्यावर हात थांबला. तू पाहिलं नाहीस म्हणून सांगते. त्याने हाताकडे पाहिलं, एखाद्या न ऐकणाऱ्या कुत्र्याकडे पाहावं तसं, रागाने नव्हे. मग पट्टा डोक्यावरून काढला. पट्टा काढायलाच त्याला किती वेळ लागला! नव्याने ठेका धरून ठेवला होता, तू सूर धरून ठेवला होतास. गिटार स्टँडवर उभी केली आणि तो माइकपाशी आला. एकोणीस वर्षांत तो कधी माइकवर बोलला होता का? तो म्हणाला, "हा हात आता माझं ऐकत नाही. कंपवात आहे. पिऊन आलोय असं कुणाला वाटलं असेल तर एवढं सांगायचं होतं." मग खांद्यावरच्या त्या मुलीने मोठ्याने विचारलं, "मग तो गाणार का?" लोक हसले. तोही हसला. म्हणाला, "मला गाता येत नाही." आणि तरी तो उरलेलं 'जिना' तुझ्याबरोबर गायला. तुझा आवाज फाटलेला, त्याचा मुळातच वाकडा. इतकं बेसूर 'जिना' मी आयुष्यात ऐकलं नाही. मी शिडी सोडून कधी पुढे आले ते मला कळलं नाही.

आता मागच्या दाराचं. तो केबल गुंडाळायचा प्रयत्न करत होता, दर वेळी सुटत होती. मी दुसरं टोक धरलं. त्याने वर पाहिलं.

"दयेने आलीस?" म्हणाला.

"नाही. सुट्टी होती."

"अजून राग आहे?"

"आहे."

"बरं," तो म्हणाला. खरंच बरं वाटल्यासारखा. मग आम्ही सगळ्या केबल गुंडाळल्या, अकरा का बारा. मी टोक धरायचं, त्याने चालत यायचं. बोललो काही नाही. शेवटची झाल्यावर मी म्हटलं, माझी बस आहे. तो म्हणाला, आईंना नमस्कार सांग. झालं.

मी त्याला माफ केलेलं नाही, भोंग्या. कदाचित करणारही नाही. पण त्याच्यावर खोटा आळ घेतला होता, तेवढा परत घ्यायला गेले होते.

चहाला थांबले असते तर परतीची बस चुकली असती. शिवाय रडले असते. तुम्हा दोघांसमोर एकदम रडायची माझी तयारी नव्हती.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. भुवयांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

'चौथा मजला' संपला. कालच बसून ठरवलं. नवा थोडा रडला, मग म्हणाला, "आता तरी मला नावाने हाक मारा." आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. लंबूने बरोबर नाव सांगितलं. मला आठवायला वेळ लागला, ही लाज जन्मभर पुरेल.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटतंय, पण त्याच्या खाली एक प्रचंड सुटका आहे. सकाळी जाग आली तेव्हा आज कुठलंच मागचं दार शोधायचं नाही हे आठवलं, आणि मी तसाच पडून छताकडे बघत राहिलो. एवढं प्रेम ज्याच्यावर केलं ते सुटल्यावर माणसाला असं हलकं वाटावं? हे कुणाला सांगू नकोस.

मला एका नाटकमंडळीत ध्वनीचं काम मिळालंय. दुसऱ्या शहरात, सोमवारपासून. घसा न वापरता करायचं काम. लंबू म्हणाला, जा. मी म्हटलं, तुझ्या मंगळवारच्या तपासणीला कोण येणार? तो म्हणाला, दवाखाना आहे, युद्ध नाही, एकटा जाईन. पण मागच्या वेळी दवाखान्याच्या दारातच त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. पाच मिनिटं पुढे पडेनात. मागे माणसं खोळंबलेली. मी हाताला धरून आणलं.

मी तुला काही मागत नाही. खांदा गेलाय हे मला माहीत आहे. नुसतं सांगतोय.

भोंगा


२४ ऑक्टोबर

भोंग्या,

'नुसतं सांगतोय' म्हणे. तुझं नुसतं सांगणं मी लहानपणापासून ओळखते.

मंगळवारी गेले. सकाळच्या बसने. त्याने दार उघडलं आणि विचारलं, "सुट्टी?" मी म्हटलं, "सुट्टी."

दवाखान्याच्या दारात त्याचे पाय थांबले. तू लिहिलं होतंस तसेच. मी त्याच्या हाताला धरलं नाही. खांद्यामुळे म्हण किंवा आणखी कशामुळे. नुसती शेजारी उभी राहिले आणि सवयीने, गाणं सुरू करण्याआधी मोजायचे तसं, हळू म्हटलं, एक, दोन, तीन, चार. आणि चारानंतर त्याने पाऊल टाकलं. आम्ही दोघंही दचकलो. मग मी मोजत राहिले आणि तो चालत राहिला, सरळ डॉक्टरांच्या खोलीपर्यंत.

डॉक्टरीण बाईंनी अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं. सुरुवातीला ठीक, मग आपटणं लहान-लहान होत गेलं, त्याच्या अक्षरासारखं. बाई मला म्हणाल्या, "आत येताना काय करत होतात तुम्ही? पुन्हा करा." मी मोजलं. बोटं जरा सावरली. बाई म्हणाल्या, काही जणांना ठेक्याचा आधार मिळतो, रोज चालताना करत जा. म्हणाल्या, यामुळे आजार थांबत नाही. तेही स्पष्ट सांगितलं. गोळी वाढवली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. त्यालाही मी जाईन. त्यापुढचं मला विचारू नकोस, मी ठरवलेलं नाही.

नंतर बाहेरच्या टेबलावर एक फॉर्म भरायचा होता. सोबत येणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. मी सांगत गेले, टेबलामागची मुलगी लिहीत गेली. मग तिने विचारलं, "रुग्णाशी नातं?"

कायद्याने मी त्याची कोणी नाही. मैत्रीण म्हणवत नव्हतं.

तो खुर्चीतूनच म्हणाला, "ड्रमर."

तिने वर पाहिलं. मी मान हलवली. तिने लिहून घेतलं.

ताई